मन म्हणजे मेंदूच का? आधी छेद कुठे घेतला आहे ते पाहा

प्रश्न तत्त्वज्ञानात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: मेंदूविज्ञान मानले तर मन म्हणजे मेंदूच असे म्हणावे लागते, सांख्य-वेदान्त मानले तर चैतन्य शरीराहून वेगळे ठरते. मग सांख्य आणि सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त एकाच, द्वैतवादी (दोन वेगळी तत्त्वे मानणाऱ्या) बाजूचे समजायचे का? इतक्या सिद्धान्तांतला बरोबर कोणता हे ठरवायचे कसे? आणि संगणकाला मन असू शकते का?

सुरुवात सांख्य-देकार्तपासून करू, कारण बाकीची गाठ तिथेच बसली आहे. दोघेही द्वैतवादी आहेत हे खरे, पण दोघांनी छेद वेगवेगळ्या ठिकाणी घेतला आहे. सांख्यांची तत्त्वे पंचवीस. पुरुष, म्हणजे नुसते चैतन्य, एका बाजूला. प्रकृती, म्हणजे अचेतन मूलद्रव्य, आणि तिचे तेवीस विकार दुसऱ्या बाजूला. या तेविसांत बुद्धी आहे, अहंकार आहे आणि मनही आहे. म्हणजे निश्चय करणे, ‘हे माझे’ म्हणणे, संकल्प-विकल्प करणे ही सगळी कामे सांख्यमते अचेतनाची. मन तर सरळ अकरावे इंद्रिय, डोळा-कानाच्या पंगतीत बसलेले. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राची, म्हणजे जे जाणले जाते त्याची, यादी येते. तिच्यात महाभूतांबरोबर बुद्धी आणि मन आहेतच, पण इच्छा, द्वेष, सुख, दुःख आणि चक्क ‘चेतना’सुद्धा आहे. ज्ञानेश्वरांनी ही यादी छत्तीस तत्त्वांपर्यंत नेऊन एकेक तत्त्व उलगडले आहे. क्षेत्रज्ञ या सगळ्यांच्या पलीकडे, नुसता जाणणारा.

मराठी बोलण्यातही हा छेद मुरलेला आहे. ‘मनाला समजावले’, ‘मन मारले’, ‘मन थाऱ्यावर नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा समजावणारा आणि मारणारा मनाहून निराळा धरलेला असतो.

देकार्तने १६४१च्या ‘चिंतनां’त छेद घेतला तो विस्तार आणि विचार यांच्यामध्ये. जागा व्यापते ते जड. शंका घेणे, समजणे, होकार-नकार देणे, इच्छा करणे, कल्पना करणे, संवेदना होणे ही सगळी मनाची बाजू. म्हणजे सांख्यांचे मन, बुद्धी, अहंकार आणि वर साक्षी (नुसता पाहणारा पुरुष), असे सगळे त्याने एका गाठोड्यात बांधले. त्यामुळे ‘माइंड’चे भाषांतर ‘मन’ असे करून ‘मन-शरीर समस्येवर सांख्यांचे उत्तर’ लिहायला घेतले की पहिल्याच ओळीत घसरायला होते. सांख्यांच्या दृष्टीने मन-शरीर ही समस्याच नाही. दोन्ही एकाच मातीची. त्यांची समस्या बुद्धी आणि पुरुष यांच्यामधली आहे.

न्याय-वैशेषिक या दर्शनांचा छेद तिसराच. त्यांच्या नऊ द्रव्यांत आत्मा एक आणि मन दुसरे. मन अणुएवढे, आणि त्याचे काम मोजकेच: एका वेळी एकाच इंद्रियाशी आत्म्याचा संपर्क जोडून देणे. पुरावाही नेमका दिला आहे. न्यायसूत्र म्हणते, ‘युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्’: अनेक ज्ञाने एकदम उपजत नाहीत, हीच मनाची खूण. यावर विरोधकाने काढलेला आक्षेप मला फार आवडतो. शष्कुली म्हणून एक तळलेला कुरकुरीत पदार्थ असे. आपण चकली धरू. ती खाताना आकार दिसतो, वास येतो, चव लागते, दाताखाली कुरकुर ऐकू येते, जिभेला काटे टोचतात, आणि हे सगळे एकदमच होते. मग मन अणू कसे? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाला, म्हणतो, एकदम होत नाही, एकामागून एक होते. पण कमळाच्या शंभर पाकळ्यांची चळत सुईने टोचली की पाकळ्या क्रमानेच भेदल्या जाऊनही एकदम भेदल्यासारख्या वाटतात, तसा हा वेग आहे. हा वाद आज ‘लक्ष’ या विषयाखाली प्रयोगशाळेत चालतो. नैयायिकांचे मन म्हणजे अनुभवणारा नव्हेच. ते लक्षाचे बटण आहे.

तेव्हा ‘मन’ या एका शब्दाखाली निदान तीन गोष्टी आहेत: काम (ओळखणे, आठवणे, ठरवणे, बोलणे), लक्ष, आणि अनुभव, म्हणजे दुखणे ‘दुखते’ ती गोष्ट. कोणताही सिद्धान्त समोर आला की तो या तिघांपैकी कशाबद्दल बोलतो आहे हे आधी विचारा.

आता सिद्धान्तांची परीक्षा. कीथ कॅम्पबेल या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाची एक मांडणी इथे फार कामाची आहे. चार विधाने घ्या. एक, शरीर जड आहे. दोन, मन जड नाही. तीन, मन आणि शरीर एकमेकांवर परिणाम करतात. चार, जड आणि अ-जड यांचा एकमेकांवर परिणाम होऊ शकत नाही. सुटे सुटे वाचले तर प्रत्येक पटते. चारही एकत्र मात्र खरी असू शकत नाहीत. कोणतीही तीन घ्या, चौथे पडते. कोणत्याही सिद्धान्ताला विचारायचे, तू कोणते विधान सोडलेस आणि त्याची किंमत काय मोजलीस?

देकार्तने चौथे सोडले. त्याची किंमत १६४३च्या मे महिन्यात बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने पत्रातून मागितली. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि हेगला निर्वासित राजघराण्यात राहत होती. तिचा प्रश्न असा: एखादी वस्तू हलते ती तिला ढकलल्याने, ढकलणाऱ्याच्या जोराने किंवा त्याच्या पृष्ठभागाच्या आकाराने. पहिल्या दोन्हींना स्पर्श लागतो, तिसऱ्याला विस्तार. तुमच्या आत्म्याला विस्तारही नाही आणि स्पर्शही नाही. मग तो शरीर हलवतो कसा? देकार्तने वजनाचे उदाहरण दिले: दगडाचे वजन दगडाला खाली नेते, तिथे आपण पृष्ठभागाने पृष्ठभागाला ढकलल्याची कल्पना करत नाही. पण वजन ही दगडात बसलेली निराळी शक्ती आहे ही कल्पना स्वतः देकार्तनेच भौतिकशास्त्रातून हद्दपार केली होती. एलिझाबेथने हे बरोबर पकडले. जूनच्या पत्रात तिने लिहिले की अ-जडाला शरीर हलवण्याची ताकद देण्यापेक्षा आत्म्याला विस्तार आहे असे मानणे मला सोपे वाटते. पुढे १६४९च्या ग्रंथात देकार्तने मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला भेटीची जागा ठरवले. त्याने प्रश्न सुटला नाही. फक्त कुठे हे सांगितले गेले, कसे हे तसेच राहिले.

हा आक्षेप जुना झाला असे समजू नका. त्याला आजचे आकडे घाला. चेतापेशी स्वस्थ असते तेव्हा तिच्या पटलावरचे विभव साधारण −७० मिलीव्होल्ट असते; ते −५५च्या आसपास पोचले की आवेग सुटतो. अ-जड आत्म्याला बोट हलवायचे असेल तर कुठल्या तरी पेशीत हे १५ मिलीव्होल्टचे अंतर आयन सरकवून काटावे लागेल, आणि त्या आयनांना सरकवणारे कोणतेही भौतिक कारण तिथे असता कामा नये. अशी पोकळी आजवर कोणाला सापडलेली नाही. आत्मा ऊर्जा न देता फक्त दिशा बदलतो, ही पळवाट देकार्तच्या नावावर मांडून जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने तीही बुजवली: संवेग दिशेसकट अक्षय्य असतो, त्यामुळे दिशा बदलायलाही बल लागते.

हाच प्रश्न शंकराचार्यांनी सांख्यांना जवळजवळ याच शब्दांत, साधारण आठशे वर्षे आधी घातला होता. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पांगळा आणि आंधळा यांचा दृष्टान्त आहे: पुरुष पाहतो पण चालत नाही, प्रकृती चालते पण पाहत नाही, दोघे एकमेकांच्या आधाराने वाट काढतात. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात आचार्य विचारतात की पांगळा निदान तोंडाने तरी आंधळ्याला ‘इकडे वळ’ सांगतो. तुमचा पुरुष निष्क्रिय आणि उदासीन, तो प्रकृतीला प्रवृत्त करणार कशाने? लोहचुंबकासारखा नुसत्या सान्निध्याने, असे म्हणाल तर सान्निध्य कायमचेच आहे, मग प्रवृत्तीही कायमची व्हायला हवी. दृष्टान्त नेमका कोणत्या सांध्यात मोडतो हे दाखवण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे शोधायला जाऊ नये. आणि म्हणूनच ‘आधुनिक विज्ञान जिथे अडले तिथे सांख्य आधीच पोचले होते’ अशी वाक्ये लिहू नयेत. सांख्यांचा छेद देकार्तपेक्षा चांगल्या जागी आहे असे मलाही वाटते; पण छेद कुठेही घ्या, दोन तुकडे पुन्हा जोडायचे काम उरतेच.

तिसरे विधान सोडणारे, म्हणजे परिणामच नाकारणारे, तीन प्रकारचे. फ्रेंच तत्त्वज्ञ मालब्रांशच्या मते माझी इच्छा ही नुसते निमित्त. हात ईश्वर हलवतो. लायब्निझच्या मते मन आणि शरीर ही एकदाच जुळवून ठेवलेली दोन घड्याळे. या दोघांना ईश्वर लागतो, आणि लायब्निझच्या वाटेने तर प्रत्येक दातदुखी सृष्टीच्या आरंभीच ठरवून ठेवावी लागते. तिसरा प्रकार जास्त चिवट आहे. जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलीने १८७४मध्ये म्हटले की मेंदू मनाला जन्म देतो, पण मन मेंदूला काही करत नाही; इंजिनाच्या शिट्टीने इंजिन चालत नाही तसे. ऐकायला हे वैज्ञानिक वाटते. पण ‘माझा दात दुखतो’ हे वाक्य तोंडातून निघताना दुखण्याचा वाटा या मताप्रमाणे शून्य असतो. वेदना नसती तरी ओठ तसेच हलले असते. इतकेच काय, हक्सलीने आपला निबंध लिहिला त्यातही त्याच्या जाणिवेचा काही हात नव्हता, असे मानावे लागते. सांख्यांचा निष्क्रिय पुरुष इथेच येऊन अडकतो: पुरुष काहीच करत नसेल तर ‘पुरुष आहे’ हे बुद्धीला कळले आणि ईश्वरकृष्णाने लिहिले, ते कशामुळे?

आता दुसरे विधान सोडणाऱ्यांकडे, म्हणजे मनही जडच म्हणणाऱ्यांकडे, कारण प्रश्नाचा खरा रोख तिकडे आहे. आपल्याकडचा या बाजूचा सर्वांत जुना आवाज चार्वाकांचा. त्यांचे दोन दृष्टान्त. एक किण्वाचा, म्हणजे आंबवणाऱ्या विरजणाचा: धान्यात मद नाही, किण्वात मद नाही, पण एकत्र आंबवले की मदशक्ती येते, तसे चार भूतांच्या मिश्रणातून चैतन्य. दुसरा विड्याचा: पान, सुपारी, चुना यांपैकी कोणी लाल नाही, एकत्र चावले की लाली येते.

हा विडा जरा जवळून पाहू. पान हिरवे, चुना पांढरा, सुपारी तपकिरी. नुसते पान-सुपारी चघळली तर रंग चढत नाही. चुना हवाच, आणि तो प्रमाणात हवा; जास्त झाला तर जीभ भाजते, कारण संपृक्त चुन्याच्या पाण्याचा सामू १२.४ इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. सुपारीत आणि कातात टॅनिन वर्गातली पॉलिफिनॉल द्रव्ये असतात. त्या अल्कधर्मी लाळेत त्यांचे हवेतल्या प्राणवायूने ऑक्सिडीकरण होते आणि लाल रंगद्रव्ये तयार होतात. रेणू माहीत असतील तर ते कोणता प्रकाश शोषतील आणि कोणता परत पाठवतील हे हिशेबाने काढता येते. तेव्हा सुट्या घटकांत नसलेला गुण मिश्रणात येतो, हा चार्वाकांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि त्यात गूढ काही नाही.

पण ‘लाल’ म्हणताना आपण दोन गोष्टी म्हणतो. एक, या द्रव्यावरून लांब लहरींचा प्रकाश परततो. दुसरी, पाहणाऱ्याला तो लाल दिसतो. पहिली विड्यात आहे आणि रसायनाने पुरती उलगडते. दुसरी विड्यात नाही, पाहणाऱ्याच्या अनुभवात आहे. म्हणजे जे समजावून सांगायचे होते तेच दृष्टान्तात गुपचूप येऊन बसले आहे. मदाचेही तसेच. अल्कोहोल मेंदूतल्या कोणत्या ग्राहींवर काय करते हे सांगता येते. झिंग चढल्यावर कसे वाटते हे त्या वर्णनात कुठे येत नाही. युरोपात ही वाटणी गॅलिलिओने १६२३मध्ये जाणूनबुजून केली: रंग, चव, वास हे पदार्थात नसून अनुभवणाऱ्यात आहेत, पदार्थात फक्त आकार, संख्या आणि गती. भौतिकशास्त्राला त्यामुळे मोकळी वाट मिळाली, पण वगळलेले सगळे ‘मन’ नावाच्या खोलीत साठत गेले. आता तीच खोली भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगा म्हटले की अडचण होणारच. माझ्या मते आजच्या वादाचे मूळ इथे आहे, आत्म्यावरच्या श्रद्धेत नाही.

चार्वाकांना परंपरेने दिलेल्या उत्तरांपैकी एक कमकुवत आहे आणि एक फार मजबूत. कमकुवत ते मृत शरीराचे. ‘शरीरस्य न चैतन्यं मृतेषु व्यभिचारतः’ असे विश्वनाथ या नैयायिकाची कारिका म्हणते: रूप मेल्यावरही शरीरात राहते, चैतन्य राहत नाही, म्हणून ते शरीराचा धर्म नव्हे. पण चार्वाक सहज म्हणेल की मेलेल्या शरीरात मिश्रण तेच उरलेले नसते. मेंदूच्या पेशींना प्राणवायू तुटला की काही मिनिटांत त्या मरू लागतात. वाळलेल्या विड्याने तोंड रंगत नाही म्हणून लाली विड्याबाहेरून आली असे होत नाही.

मजबूत उत्तर दिव्याचे आहे. ब्रह्मसूत्रे ३.३.५३-५४वरील भाष्यात शंकराचार्य म्हणतात की दिवा असतो तेव्हा दिसते, नसतो तेव्हा दिसत नाही. म्हणून पाहणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही. शरीरही तसेच उपकरण असू शकेल. आज मेंदूच्या स्कॅनबद्दल कोणी ‘हा भाग पेटतो म्हणजे हाच अनुभव’ असे म्हटले की हे वाक्य आठवावे. सोबत असणे म्हणजे तेच असणे नव्हे. मात्र दिव्याच्या युक्तिवादाने एवढेच सिद्ध होते की सहचार पुरेसा नाही. आत्मा वेगळा आहे हे त्यातून निघत नाही, आणि निघाल्यासारखे लिहिणे ही उलट दिशेची चूक आहे.

एक कसोटी लावून पाहा. मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाला इजा होऊन रंग दिसणे थांबलेले रुग्ण असतात. डोळे चांगले, पण जग करड्या छटांचे. त्यांतल्या काहींना रंगाची कल्पनाही करता येईनाशी होते. देकार्तसाठी ही मोठी पंचाईत आहे: दिवा विझला तर खोली दिसू नये हे समजते, पण शुद्ध मनाची स्मृती आणि कल्पना दिव्याबरोबर का जावी? वेदान्त्याला मात्र फारसा धक्का बसत नाही, कारण स्मृती आणि कल्पना त्याने आधीच अंतःकरणाच्या, म्हणजे जडाच्या, खात्यात टाकल्या आहेत. मेंदूविज्ञानाचा बहुतेक पुरावा देकार्तच्या मनाविरुद्ध जातो; साक्षीला तो शिवतही नाही. पण याची किंमतही पाहून ठेवा. आठवणी, आवडीनिवडी, स्वभाव, नाव हे सगळे क्षेत्रात गेल्यावर उरलेला साक्षी विज्ञानापासून सुरक्षित खरा, पण ज्याला आपण ‘मी’ म्हणून जपतो त्यातले त्याच्यात काहीच उरत नाही. परंपरेने ही किंमत डोळे उघडे ठेवून मोजली आहे. आजचे अनेक लेखक तिचा उल्लेखही करत नाहीत.

विसाव्या शतकातला भौतिकवाद (जे आहे ते सगळे भौतिकच, हे मत) चार्वाकांपेक्षा एक पाऊल पुढे गेला. यू. टी. प्लेस (१९५६) आणि जे. जे. सी. स्मार्ट (१९५९) म्हणाले की वेदना मेंदूतून उत्पन्न होते असे म्हणू नका. वेदना ही मेंदूतली प्रक्रियाच आहे, जशी वीज चमकणे म्हणजे विद्युत्‌भाराचा विसर्ग. ‘वेदना’ आणि ‘मेंदूतली प्रक्रिया’ या शब्दांचे अर्थ वेगळे असल्याने काही बिघडत नाही; वस्तू एक असली म्हणजे झाले. हा तादात्म्यवाद. म्हणून ‘मला दुखते हे कळते पण चेतापेशी कळत नाहीत, म्हणून दोन्ही वेगळे’ हा युक्तिवाद उत्तरात लिहू नका. विजेबद्दल तो चुकतो, तसा इथेही चुकतो.

पाठ्यपुस्तकांत या मताचे उदाहरण म्हणून ‘वेदना म्हणजे सी-तंतूंचे उद्दीपन’ असे वाक्य येते आणि ते शास्त्रीय सत्य म्हणून पाठ केले जाते. ते तसे नाही. सी-तंतू मेंदूत नसतात. ते त्वचेपासून मज्जारज्जूपर्यंत येणारे, मायलिनचे वेष्टन नसलेले बारीक तंतू आहेत. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. त्यांच्या शेजारच्या ए-डेल्टा तंतूंचा साधारण पाच ते तीस. म्हणून गरम तव्याला बोट लागले की आधी झटक्यात चटका कळतो आणि मागाहून ठणका येतो. मज्जारज्जूत भूल दिली तर सी-तंतू उद्दीपित होऊनही वेदना होत नाही, आणि कापलेल्या पायाची वेदना तंतू नसतानाही होते. वाक्याला ‘वेदनेची जी काही मेंदूप्रक्रिया असेल ती’ याची खूण समजा, पुढे वाचा.

तादात्म्यवादाला धक्का हिलरी पटनमने १९६७मध्ये दिला. वेदना एकाच प्रकारच्या मेंदूप्रक्रियेशी एकरूप असेल तर ती प्रक्रिया नसलेल्या कोणालाच वेदना होऊ नये. ऑक्टोपसच्या पन्नास कोटींच्या आसपास चेतापेशींपैकी सुमारे दोन तृतीयांश त्याच्या भुजांत असतात. त्याच्या मज्जासंस्थेची घडण आपल्याहून पार निराळी. तरी त्याला दुखत नाही असे कोण म्हणेल? म्हणून पटनमने ठरवले की वेदना कशाची बनली आहे हे गौण. ती काय काम करते ते महत्त्वाचे. इजेने सुरू होणारी, अंग मागे घ्यायला लावणारी, पुढे जपायला शिकवणारी अवस्था म्हणजे वेदना. घड्याळ चावीचे असो की क्वार्ट्‌झचे, वेळ दाखवते ते घड्याळ. हा कार्यवाद. वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी काम आणि लक्ष यांच्याबाबत तो जिंकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळखणे, आठवणे, निवडणे यांसाठी जडापलीकडे काही लागते असे म्हणायला आता जागा उरलेली नाही. ती सांख्यांनी तर कधीच ठेवली नव्हती.

अनुभवाबाबत मात्र तो अडतो. सॉल क्रिपकेचा युक्तिवाद सावकाश वाचा. उष्णता म्हणजे रेणूंची गती. तरी ‘रेणू हलताहेत पण उष्णता नाही’ अशी कल्पना करता येते असे वाटते. का वाटते? कारण आपण उष्णतेच्या जागी उष्णतेच्या जाणिवेची कल्पना करतो. जाणीव काढून टाकता येते, उष्णता नाही. वेदनेबाबत ही सोय नाही. वेदनेची जाणीव बाजूला काढली की मागे वेदना उरत नाही. तिथे दिसणे आणि असणे एकच. म्हणून विजेच्या आणि उष्णतेच्या उदाहरणांवर बेतलेले समाधान इथे जसेच्या तसे चालत नाही. विड्याच्या लालीत जे अडले तेच हे. टॉमस नेगेलचे वटवाघूळ (१९७४; वटवाघूळ असणे आतून कसे वाटते?), फ्रँक जॅक्सनची काळ्यापांढऱ्या खोलीतली मेरी (१९८२; रंगांचे सगळे विज्ञान माहीत, पण रंग कधी पाहिलेला नाही) आणि डेव्हिड चाल्मर्सची ‘कठीण समस्या’ (१९९५; मेंदूतल्या प्रक्रियांसोबत अनुभव मुळात का असतो?) ही याच सांध्यावरची वेगवेगळी बोटे आहेत. जॅक्सनने पुढे स्वतःचा निष्कर्ष मागे घेऊन भौतिकवाद स्वीकारला, हे मेरीबद्दल लिहिताना विसरू नये.

मधली वाट म्हणून ‘मन मेंदूवर अवलंबून, तरी मेंदूहून वेगळे’ असे उत्तर बहुतेक जण लिहितात. त्याच्या वाटेत जेगवॉन किमची धोंड आहे. मी हात वर केला. त्याला माझी इच्छा कारण, आणि मेंदूतली एक घटनाही कारण. मेंदूतली घटना एकटी पुरेशी असेल तर इच्छेला काम उरले नाही. इच्छा मेंदूघटनेहून वेगळी नाही म्हणाल तर तादात्म्यवाद झाला. दोन्ही पूर्ण कारणे म्हणाल तर दर हालचालीला दुहेरी कारण, तेही कायम जुळणारे. मेंदूतली घटना पुरेशी नाही म्हणाल तर परत एलिझाबेथचे पत्र. अवलंबित्वाचे उत्तर लिहायचे तर या चारपैकी कोणते दार घेतले ते सांगून लिहा.

उरले पहिले विधान. शरीर जड आहे हेच नाकारणारे बर्कली आणि विज्ञानवादी बौद्ध. या बौद्धांपैकी वसुबंधूने ‘विंशतिके’त स्वप्नाचे उदाहरण देऊन दाखवले की बाहेर वस्तू नसतानाही देश-काळाचा नियम अनुभवात असू शकतो. पण सगळ्यांचे अनुभव एकमेकांशी इतके काटेकोर जुळतात ते का, याचे उत्तर देताना बर्कलीला ईश्वर लागतो आणि वसुबंधूला समान कर्मविपाक, म्हणजे सगळ्यांच्या कर्मांचे सारखे फळ.

यापेक्षा मला बर्ट्रंड रसेलने १९२७मध्ये सुचवलेली वाट स्वस्त वाटते. ती ‘जड’ या शब्दालाच हात घालते. भौतिकशास्त्र इलेक्ट्रॉनबद्दल सांगते ते सगळे तो काय करतो याबद्दल: किती वस्तुमान, किती भार, कोणाला ढकलतो, कोणाला ओढतो. हे करणारा आतून काय आहे याबद्दल समीकरणे गप्प आहेत. ‘आतून’ अशी एकच गोष्ट आपल्याला थेट माहीत आहे, ती म्हणजे अनुभव. मग जडाच्या पोटात अनुभवाच्या जातीचे काही असेल, तर गॅलिलिओने बाहेर काढलेले परत आत ठेवता येते, आणि एलिझाबेथ व किम यांचे आक्षेपही बोथट होतात, कारण हात हलवणारे कारण एकच राहते. पण इथे विडा पुन्हा आडवा येतो. अब्जावधी बारीक अनुभवकण एकत्र येऊन माझा एक अनुभव कसा होतो? पान-चुन्याचे मिश्रण का रंगते हे रसायनाने सांगता आले. अनुभवांचे रसायन कोणाकडे नाही. ही अडचण सुटेपर्यंत ही वाट मी कल म्हणून सांगेन, सिद्धान्त म्हणून नाही. तज्ज्ञांतही एकमत नाही: २०२०च्या तत्त्वज्ञांच्या मोठ्या सर्वेक्षणात भौतिकवादाकडे झुकणारे निम्म्याहून थोडे जास्त आणि विरुद्ध बाजूला जवळपास एक तृतीयांश होते. १९९८मध्ये मेंदूवैज्ञानिक क्रिस्टोफ कॉखने चाल्मर्सशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल. २०२३मध्ये न्यूयॉर्कला त्याने हार मानून वाइनच्या बाटल्या दिल्या. लक्षात घ्या, पैज नुसत्या सहचाराची, दिव्याची होती. पाहणे म्हणजे काय याची नव्हती.

आता संगणक. प्रश्न तीन तुकड्यांत मोडा. काम: हो, आणि दिवसेंदिवस जास्त, भाषांतर, नियोजन, आठवण यांना कार्यवाद मन म्हणतो, आणि सांख्यांच्या हिशेबानेही जड प्रकृतीने बुद्धीचे काम करण्यात नवल काही नाही. लक्ष: आजच्या भाषा-प्रणालींत त्याच नावाची गणिती रचना आहे, पण तिथे शब्दाशब्दांतल्या संबंधांना कमीजास्त वजन दिले जाते, तेही एकाच वेळी अनेकांना. नैयायिकाचे एका वेळी एकच ज्ञान होऊ देणारे मन ते नाही. नावावरून फसू नका. अनुभव: यंत्राने ‘मला दुखते’ लिहिले म्हणून दुखते असे ठरत नाही, कारण माणसांनी लिहिलेल्या अशा वाक्यांवरच ते घडवलेले असते. लिहिले नाही म्हणून दुखत नाही असेही ठरत नाही. ऑक्टोपसही काही लिहीत नाही. कार्यवादी असाल तर पुरेशी रचना जमली की अनुभवही आला असे मानावे लागेल. तादात्म्यवादी असाल तर सिलिकॉनमध्ये तीच प्रक्रिया नाही, तेव्हा नाही. रसेलच्या वाटेने गेलात तर प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या आत काहीतरी असेल, पण त्या सगळ्यांचा मिळून एक अनुभव होतो का, हा जोडणीचा प्रश्न मेंदूइतकाच तिथेही उघडा आहे. उत्तरपत्रिकेत ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिण्याआधी यांपैकी कोणत्या पायावर उभे आहोत ते एका वाक्यात लिहा; परीक्षक तेच शोधत असतो.